गुडघ्याचा शब्द

माझी आत्या सांधेदुखीचं तेल बनवणाऱ्या एका कंपनीत एकवीस वर्षं अनुवादक होती. कार्यालय चौथ्या मजल्यावर होतं आणि तिच्या दारावर 'भाषा विभाग' अशी पितळी पाटी होती. पाटीमागचा विभाग म्हणजे आत्या, एक टेबल, एक चाक निखळलेली खुर्ची आणि खिडकीत ठेवलेला टाइपरायटर. तो कुणालाच हलवता येत नव्हता, म्हणून तोही विभागात धरलेला होता.

कंपनीचं तेल स्पॅनिश बोलणाऱ्या चार-पाच देशांत जायचं. खोक्यावरचा मजकूर, बाटलीची चिठ्ठी, आतला घडीचा कागद आणि तिकडून येणारी पत्रं, हे सगळं आत्याच्या हाताखालून जायचं. मी तेव्हा त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एका दंतवैद्याकडे स्वागतिका होते. दुपारी डबा घेऊन मी वर जायचे, त्यामुळे पुढे सांगतेय त्यातलं बरंचसं मी स्वतः पाहिलंय, आणि उरलेलं तोंडात घास असताना ऐकलंय.

आत्या स्पॅनिश शिकली ती काही विद्यापीठात नाही. तिच्या माहेरी वरच्या मजल्यावर एक म्हातारे आचारी राहायचे. त्यांनी सारी उमर जहाजावर स्पॅनिश खलाशांसाठी स्वयंपाक करण्यात घालवली होती. आत्याने सोळाव्या वर्षी त्यांच्याकडे शिकवणी लावली. त्यामुळे दोन वर्षांत तिला सगळ्या भाज्या, सगळे वारे आणि सगळ्या शिव्या अस्खलित येऊ लागल्या. पुढे ती रीतसर वर्गात गेली तेव्हा मास्तरांनी तिला पहिल्या दिवशी स्वतःची ओळख करून द्यायला सांगितली. तिने दिली. मास्तर खुर्चीवरून उठून दार लावून आले.

पण त्या आचाऱ्यांनी तिला एक सवय लावली होती. एकाच अर्थाचे दोन शब्द नसतात, असं ते म्हणायचे. दोन शब्द आहेत याचा अर्थ कुणालातरी दोनदा गरज पडली. आत्याने हे वाक्य आयुष्यभर जपलं. तसलं काही जपणाऱ्या माणसाचं जाहिरातीच्या धंद्यात जे व्हायचं तेच तिचं झालं.

धंद्याला सूक्ष्म फरकांची गरज नव्हती. धंद्याला विक्रीप्रमुख होते. त्यांना कार्यालयात सगळे पाठीमागे 'भव्य' म्हणायचे, कारण त्यांना प्रत्येक गोष्ट भव्य लागायची. खोक्याचा रंग भव्य, कॅलेंडर भव्य, जिन्यातली कुंडी भव्य. ते हिरव्या शाईने लिहायचे. लाल शाई मास्तर वापरतात आणि निळी कारकून, असा त्यांचा सिद्धांत होता. त्यांना स्पॅनिश येत नव्हतं, पण ते कधी आड आलं नाही.

त्या वर्षी तेलाचं खोकं नव्याने छापायचं ठरलं. जुन्या खोक्यावर आत्याने 'आलिविया' हा शब्द घातला होता, म्हणजे आराम देतं, दुखणं हलकं करतं. पंधरा वर्षं तेल त्या शब्दावर खपत होतं. भव्य एक दिवस खोकं हातात नाचवत भाषा विभागात आले.

"बाई, हे काय लिहिलंय?"

"आराम पडतो."

"आराम पडतो! अहो, आराम तर उशीनेही पडतो. आपल्याला तोंडात बोट घालायला लावणारा शब्द हवा. अद्भुत! अद्भुतला काय म्हणतात तिकडे?"

आता हा प्रश्न आत्याला विचारायला नको होता. तिच्या टेबलाच्या खणात एक पत्र्याचा डबा होता आणि त्यात पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या. एकेका चिठ्ठीवर एकेक शब्द, आणि खाली तो कुठे शोभतो, कुठे अंगाशी येतो, हे बारीक अक्षरात. एकट्या 'अद्भुत'च्या चौदा चिठ्ठ्या होत्या. तिने त्या टेबलावर मांडल्या. मी तिथेच डबा उघडून बसले होते. मला कळलं की आज भाजी थंड खावी लागणार.

"कुणाला कुठे अद्भुत वाटतं त्यावर आहे," आत्या म्हणाली. "हा मारावियोसो. हा डोळ्यांचा शब्द. बघत राहावंसं वाटतं, त्याला. हा एस्तुपेन्दो, हा तोंडाचा. मुळात आ वासायला लावणारा, पण वापरून वापरून आता 'छान' एवढाच उरलाय. हा असोम्ब्रोसो. ह्याच्या पोटात सावली आहे. घोडा स्वतःच्या सावलीला बुजतो ना, तसं दचकणं. हा पाठीच्या कण्यातला शब्द, औषधावर नको. हा इन्क्रेईब्ले, म्हणजे विश्वास बसत नाही असं. तेलाच्या बाटलीवर आपणच लिहायचं, की ह्यावर विश्वास ठेवू नका?"

"आणि तो? तो कोपऱ्यातला?"

"मिलाग्रोसो. तो नको."

"का?"

"त्याचा अर्थ चमत्कार घडवणारं. आपल्याकडे चमत्कारिक म्हटलं तर माणूस विक्षिप्त एवढंच होतं. तिकडे तसं नाही. तिकडे हा शब्द ऐकला की लोक खरोखर काहीतरी घडायची वाट बघतात. हा गुडघ्याचा शब्द आहे. हा ऐकला की माणूस गुडघे टेकतो."

भव्यांचा चेहरा उजळला. कंपनीत त्यांचा चेहरा उजळला की इतरांचे उतरायचे.

"बाई," ते म्हणाले, "आपलं तेल कशाचं आहे?"

आत्या चिठ्ठ्या गोळा करायला लागली.

"गुडघ्याचं! तुम्हीच सांगितलंत, गुडघ्याचा शब्द. वा! तुम्ही एवढ्या हुशार आहात हे मला आजच कळलं."

आत्याने तरीही नमुन्याच्या कागदावर 'आलिविया' लिहून, खाली सही करून तो छपाईला पाठवला. तो मधल्या वाटेवर भव्यांच्या टेबलावर थांबला, हिरवा झाला आणि पुढे गेला. महिनाभराने खोकी आली. वर उगवता सूर्य, सूर्यात एक गुडघा, आणि गुडघ्याभोवती सोनेरी अक्षरांत मिलाग्रोसो. एवढं मात्र खरं, की खोकं भव्य होतं.

आत्या घरी आली आणि तिने आतोबांपुढे खोकं आपटलं. आतोबा लिफ्टदुरुस्तीच्या कामातून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे जगातल्या यच्चयावत गोष्टींसाठी एकच विशेषण होतं. लग्नात आत्या त्यांना कशी वाटली असं कुणी विचारलं तेव्हाही त्यांनी तेच वापरलं होतं. त्यांनी खोकं चष्मा लावून सगळ्या बाजूंनी पाहिलं.

"बरंय," ते म्हणाले.

"अहो, खोटं लिहिलंय त्यावर!"

"अक्षर बरंय."

आत्याने त्या संध्याकाळी त्यांच्याशी अबोला धरला. त्यांना ते दुसऱ्या दिवशी जेवताना लक्षात आलं.

तेल मात्र धडाक्यात खपलं. भव्यांनी कार्यालयात भिंतीवर एक नकाशा लावला आणि त्यात टाचण्या खोचायला सुरुवात केली. बैठकीत ते आत्याकडे बघून म्हणायचे, "शब्दाची ताकद, बाई, शब्दाची ताकद!" जणू आत्या एकवीस वर्षं तिथे शब्दांऐवजी लोणी काढत होती.

मग पत्र आलं.

चौकटींच्या वहीच्या कागदावर, पेन्सिलने, दोन्ही बाजूंनी लिहिलेलं. लिहिणारी बाई कुठल्याशा डोंगराळ गावातली शिवणकाम करणारी होती. आत्याने ते मला डब्यावरच वाचून दाखवलं, एकेक वाक्य मराठीत करत. तिचा आवाज सपाट होता. राग आला की तिचा आवाज सपाट व्हायचा.

'माननीय कंपनीस,' त्या बाईने लिहिलं होतं. 'माझे यजमान छपरांवर कौलं बसवायचे. अकरा वर्षांपूर्वी ते पडले. तेव्हापासून त्यांचे पाय चालत नाहीत. आम्ही तुमचं तेल सहा आठवडे रोज सकाळी लावतो आहोत. सात बाटल्या झाल्या. अजून काही झालेलं नाही. माझ्याच हातून काहीतरी चुकत असणार. तेल वरून खाली चोळायचं की खालून वर, हे कागदावर लिहिलेलं नाही. त्यांचा ह्यावर विश्वास नाही, पण मला वाईट वाटू नये म्हणून ते मुकाट्याने पडून राहतात. कृपया दिशा कळवावी.'

मी घास खाली ठेवला. आत्याने पत्राची घडी घातली, उलगडली, परत घातली. मग ती ते घेऊन भव्यांच्या खोलीत गेली. काचेचं दार होतं आणि ते नीट बसत नव्हतं, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"सात बाटल्या?" भव्य म्हणाले. "एकाच घरात? ह्याला म्हणतात निष्ठावान ग्राहक."

"त्या विचारताहेत, कुठल्या दिशेने चोळायचं."

"मग सांगा ना. खालून वर सांगा. चढती दिशा चांगली असते. आणि म्हणावं, आणखी सहा आठवडे सातत्य ठेवा."

"ते उठणार नाहीत, साहेब."

"बाई, कोण उठेल, कोण नाही, हे आपण कोण ठरवणार?" भव्यांनी आवाजात थोडी श्रद्धा आणली. क्षणापूर्वीपर्यंत त्यांच्यात श्रद्धेचं चिन्हही नव्हतं. "छापील उत्तर आहे ना आपलं? ते पाठवून द्या."

छापील उत्तर आत्यानेच कधीकाळी तयार केलं होतं. 'आपल्या अमूल्य अभिप्रायाबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत' अशी त्याची सुरुवात होती आणि शेवटपर्यंत त्यात दुसरं काहीच नव्हतं. आत्याने ते बाजूला सारलं. कंपनीच्या नावाचा कोरा कागद घेतला आणि हाताने लिहायला बसली. तीन कागद फाडले. स्पॅनिशमध्ये माफी मागायलाही तीन-चार शब्द आहेत, आणि तिला त्यातला कारकुनी शब्द नको होता. शेवटी तिने 'लो सिएन्तो' लिहिलं. शब्दशः बघितलं तर त्याचा अर्थ एवढाच, की मला ते जाणवतं.

तिने लिहिलं, की तुमच्या हातून काही चुकलेलं नाही. हे तेल थकलेल्या, दुखऱ्या सांध्यांना थोडा आराम देतं. लुळे पडलेले पाय त्याने चालत नाहीत, कुठल्याही दिशेने चोळलं तरी. खोक्यावरचा शब्द चुकीचा आहे आणि ती चूक आमची आहे. खाली स्वतःचं नाव, हुद्दा आणि कंपनीचा गोल शिक्का.

"तू शिक्का का मारलास?" मी घाबरून विचारलं.

"खोट्यावर मारला होता ना?" ती म्हणाली आणि पाकीट बंद करायला तिने डिंकाची बाटली उघडली.

पुढे दोन महिने काही झालं नाही. भव्यांच्या टाचण्या वाढत होत्या. मग एक दिवस तिकडच्या आरोग्य खात्याचं जाड पाकीट आलं. झालं असं होतं, की त्या शिवणकामवाल्या बाईने आत्याचं पत्र गावातल्या औषधवाल्याला दाखवलं, आणि त्या औषधवाल्याने ते दुकानाच्या काचेला आतून चिकटवलं. तिथून एका तपासनिसाने ते वाचलं. सरकारी माणसाला विनोदबुद्धी नसते, त्यामुळे तो अत्यंत विनोदी लिहितो. खात्याने विचारलं होतं, की आपल्या उत्पादनाने आजवर घडवलेल्या चमत्कारांची यादी, प्रत्येक चमत्काराच्या तारखेसह आणि दोन साक्षीदारांच्या सह्यांसह, तीन प्रतींत सादर करावी. न केल्यास माल बंदरातच थांबवण्यात येईल.

आत्याने त्याचा अनुवाद केला. तिने मला नंतर सांगितलं, की एकवीस वर्षांत तिला अनुवाद करताना एवढी मजा कधी आली नव्हती.

बैठक बसली. मालक स्वतः आले. मालक हळू बोलणारे गृहस्थ होते. त्यांना ऐकू यावं म्हणून इतरांना श्वास रोखावा लागायचा, आणि त्यांचा दरारा बहुतेक त्यातूनच आलेला होता.

"हे पत्र कुणी लिहिलं?" त्यांनी विचारलं.

"मी," आत्या म्हणाली.

"विश्वासघात!" भव्य उसळले. "एकवीस वर्षं कंपनीत राहून कंपनीच्याच मुळावर! मी बाईंना स्पष्ट सांगितलं होतं, छापील उत्तर पाठवा. आणि शब्द काय माझा होता? शब्द यांच्याच डब्यातला!"

मालकांनी आत्याकडे पाहिलं. आत्याने नमुन्यांची फाइल उघडून त्यांच्यापुढे सरकवली. कागदावर तिचा निळा 'आलिविया' होता, तिची सही होती, आणि त्या दोन्हींवर एक लांबलचक हिरवी रेघ होती. रेघेच्या टोकाला हिरवा मिलाग्रोसो आणि त्यापुढे तीन उद्गारचिन्हं.

"डब्यातून शब्द काढून दिला तेव्हा मी काय म्हटलं होतं, हेही त्यांना विचारा," आत्या म्हणाली.

मालकांनी हिरव्या रेघेवरून बोट फिरवलं.

"बाई, तुम्ही मला का नाही सांगितलंत?"

"तुमच्यापर्यंत यायला साहेबांची सही लागते."

मालकांनी फाइल मिटली.

तुम्हाला वाटेल, आत्याचा जयजयकार झाला. मग तुम्ही कधी नोकरी केलेली नाही. भव्यांची चूक एवढी मोठी होती, की ती कबूल करणं कंपनीला परवडणारं नव्हतं, म्हणून त्यांना बढती देऊन दुसऱ्या शहरातल्या शाखेत पाठवलं. निरोप समारंभ झाला. मानपत्र लिहायचं काम भाषा विभागाकडे आलं. आत्याने त्यात एकही विशेषण वापरलं नाही आणि ते कुणाच्याही लक्षात आलं नाही. आत्याला मिळाला लेखी ठपका, 'परवानगीशिवाय सत्यकथन' ह्या अर्थाचा, अर्थात जास्त सभ्य भाषेत. शिवाय न गेलेल्या सगळ्या मालावर नवी चिठ्ठी चिकटवायची होती. भाषेची चूक आहे तर भाषा विभागानेच निस्तरावी, असं ठरलं. म्हणून आत्याने अकरा दिवस गोदामात बसून खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या.

मी दुपारी तिला बघायला खाली गेले. मला वाटलं होतं, रडवेली असेल. ती पॅकिंगच्या तीन बायकांबरोबर उलट्या क्रेटवर बसली होती, कोपरापर्यंत डिंकाने माखलेली, आणि चौघी हसत होत्या. त्यातली सगळ्यात वयस्कर बाई बावीस वर्षं त्या खोक्यांत बाटल्या भरत होती. खोक्यावर काय लिहिलंय हे तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

"आधी काय होतं म्हणता?" तिने विचारलं.

"चमत्कार करणारं."

"आणि ही चिठ्ठी?"

"आराम पडतो."

"हे बरं," ती चिठ्ठी थापत म्हणाली. "चमत्कार असता तर एकदाच लावून भागलं असतं. दुसरी बाटली कुणी घेतली असती?"

आत्या माझ्याकडे वळून म्हणाली, "ऐकलंस? हिला वर बसवायला हवं होतं आणि त्याला इथे."

चिठ्ठ्या संपल्या, माल गेला. खप थोडा उतरला आणि मग पूर्वीच्याच जागी येऊन थांबला. भव्यांच्या जागी एक तरुण बाई आली. ती नम्र होती, हिरवी शाई वापरत नव्हती आणि सगळ्यांना 'तुमचं काय मत?' असं विचारायची. आत्याला तिचं कौतुक वाटायला लागलं होतं. तेवढ्यात डोंगराळ गावातून दुसरं पत्र आलं. ह्या वेळी पाकिटावर कंपनीच्या आधी आत्याचं नाव होतं.

शिवणकामवालीने लिहिलं होतं, की तुमचं पत्र वाचून मी आधी रडले आणि मग यजमानांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, चला, एकदाचं कुणीतरी खरं बोललं. त्या दिवशी आम्ही अकरा वर्षांनी त्या छपराबद्दल बोललो. आठव्या बाटलीत तेल उरलं होतं ते मी स्वतःच्या मनगटांना लावलं. त्यांना उचलून उचलून माझी मनगटं दुखतात. त्याने बरं वाटतं. 'सिर्वे,' तिने लिहिलं होतं. म्हणजे कामाला येतं.

नवी प्रमुख ते ऐकून भारावली.

"बाई, हे आपण छापू या! खऱ्या ग्राहकाचे खरे शब्द! लोक खरेपणाला भुकेलेले आहेत. फक्त ते 'कामाला येतं' जरा कोरडं वाटतं. तिथे तो तुमचा डोळ्यांवाला शब्द टाकू या का? मारावियोसो? त्यांना तेच म्हणायचं असणार."

"त्यांना तो शब्द येतो," आत्या म्हणाली. "त्यांनी तो वापरलेला नाही."

"पण भावना तीच ना?"

"नाही. आणि पत्र माझ्या नावावर आलंय."

नवी प्रमुख हसली, तुमचं मत मला महत्त्वाचं वाटतं असं म्हणाली आणि निघून गेली. आठवड्याभरात एक परिपत्रक निघालं. त्याप्रमाणे ग्राहकांची सगळी पत्रं इथून पुढे आधी विक्री विभागात उघडायची होती.

आत्याने मग शिवणकामवालीला घरचा पत्ता कळवला. तेव्हापासून दोघींचा पत्रव्यवहार चालू आहे. आत्या त्याच वर्षी निवृत्त झाली, त्याला आता चार वर्षं होतील. तिकडून शिलाईतल्या अडचणी येतात, छपराच्या गोष्टी येतात, कधी कधी यजमानांनी सांगितलेले दोन शब्द येतात. आत्याने एकदा विचारलं होतं, की तुम्ही सकाळचं ते चोळणं अजून करता का, की सोडून दिलंत.

उत्तर आलं, करतो. पाय काही ऐकत नाहीत, पण तेवढा अर्धा तास आम्ही बोलतो, आणि त्यांना ते हवं असतं. फक्त आता त्यासाठी घरातलंच स्वयंपाकाचं तेल घेते. चालतं.

म्हणजे कंपनीचा एक निष्ठावान ग्राहक गेला होता. आत्याने ते कंपनीला कळवलं नाही.